दवाखान्यातली सेवा आणि रुग्णाचं समाधान : ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनीतून मांडलेला हिशेब

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला आजारपणात दोन कामं एकदम करावी लागतात. दुखणं सोसायचं, आणि ते दुसऱ्या भाषेत समजावूनही सांगायचं. बेळगाव, निपाणी, कारवारकडच्या वाचकांना हे सांगायला नको. ग्वाल्हेरच्या मराठी घरांनाही नको. डॉक्टर चांगले होते, औषधही लागू पडलं, तरी ‘पुन्हा त्या दवाखान्याची पायरी चढणार नाही’ असं माणूस का म्हणतो? आणि आजार तसाच असूनही दुसऱ्या ठिकाणाहून समाधानानं का परततो? रुग्णालयाच्या सेवेचा दर्जा आणि रुग्णाचं समाधान यांचं नातं काय, ते मोजतात कसं, ते मोजमाप कुठे फसतं आणि सेवा वाईट मिळाली तर दाद कुठे मागायची, याची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

शिंदे की छावनी कुठे आहे?

दौलतराव शिंदे यांनी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली फौजेचा तळ टाकला. त्या तळाचंच पुढे शहर झालं आणि नावही ‘लष्कर’ असंच राहिलं. शिंदे की छावनी हा याच लष्करातला जुना भाग. माजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा जन्म २५ डिसेंबर १९२४ रोजी इथलाच. शिंद्यांच्या फौजेबरोबर आणि दरबाराबरोबर आलेली मराठी घराणी या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहिली. घरात मराठी आणि बाहेर हिंदी, हा इथला रोजचा व्यवहार आहे.

इथल्या माणसाचं मोठं सरकारी रुग्णालय म्हणजे जयारोग्य चिकित्सालय. लोक त्याला नुसतं ‘जेएएच’ म्हणतात. ते गजराराजा मेडिकल कॉलेजशी जोडलेलं आहे. हे कॉलेज १९४६मध्ये सुरू झालं आणि आजच्या मध्य प्रदेशातलं ते पहिलं मेडिकल कॉलेज मानलं जातं. बायका आणि मुलांसाठीचं कमलाराजा रुग्णालयही याच आवारात आहे. अलीकडे तिथे हजार खाटांची नवी इमारत उभी राहिली. जिल्हा रुग्णालय शहराच्या दुसऱ्या टोकाला, मुरारला आहे. याशिवाय गल्लोगल्ली खासगी दवाखाने आणि नर्सिंग होम आहेतच.

जयारोग्यवर भार फक्त ग्वाल्हेरचा नाही. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी या जिल्ह्यांतून आणि राजस्थान, उत्तर प्रदेशच्या लगतच्या भागांतूनही रुग्ण इथे येतात. म्हणजे ग्वाल्हेरही एका अर्थानं सीमाभागाचंच आरोग्यकेंद्र आहे. मिरजेच्या किंवा गोव्याच्या बांबोळीच्या रुग्णालयाबाहेर तीन राज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या दिसतात, तसंच इथलं चित्र.

‘दर्जा’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतले अभ्यासक अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६मध्ये आरोग्यसेवेचा दर्जा तपासायची एक सोपी चौकट मांडली. तिचे भाग तीन. पहिला, साधनं : इमारत, खाटा, यंत्रं, माणसं. दुसरा, प्रत्यक्ष काम : तपासणी कशी झाली, औषध वेळेवर दिलं का, हात धुतले का. तिसरा, परिणाम : रुग्ण बरा झाला का. जगभरातली बहुतेक मोजमापं आजही याच चौकटीवर उभी आहेत.

अडचण अशी की यातलं बरंच काही रुग्णाला दिसतच नाही. ऑपरेशनमध्ये टाका नीट पडला की नाही, हे आजींना कसं कळणार? त्यांना दिसतो तो वॉर्ड, ऐकू येतं ते सिस्टरचं बोलणं, आणि कळतं ते आपण किती वेळ बाकावर बसलो. रुग्णाला दिसणारा हा दर्जा मोजण्यासाठी पारशुरामन, झाइथमल आणि बेरी या तीन अभ्यासकांनी १९८८मध्ये ‘सर्व्हक्वाल’ नावाची २२ प्रश्नांची पद्धत मांडली. मुळात ती बँका, दुरुस्ती सेवा अशा व्यवसायांसाठी होती, नंतर रुग्णालयांतही खूप वापरली गेली. तिच्यात पाच गोष्टी पाहतात.

१. डोळ्यांना दिसणारं : स्वच्छ संडास, पंखा, पिण्याचं पाणी, नीट वाचता येणारे फलक. मोठ्या आवारात एक्स-रे कुठे आणि रक्त कुठे द्यायचं हे कळलं नाही, तर अर्धा दिवस विचारण्यातच जातो.

२. भरवसा : सांगितलं ते सांगितल्या वेळी होणं. सोनोग्राफी मंगळवारी म्हटलं तर मंगळवारीच व्हावी. सरकारी खिडकीवर मोफत मिळायचं औषध ‘बाहेरून आणा’ असं लिहून दिलं की पहिला तडा इथे जातो.

३. तत्परता : हाक मारली तर कोणी येतं का? सलाइन संपली हे नातेवाइकांनीच तीनदा जाऊन सांगावं लागतं का?

४. खात्री वाटणं : डॉक्टरांच्या आणि सिस्टरच्या बोलण्यातून, हातातून ‘यांना काम येतं’ असं वाटणं.

५. आपुलकी : नावानं हाक मारणं, ऐकून घेणं, पडदा ओढून तपासणं. याला पैसा सर्वांत कमी लागतो आणि चणचणही याचीच जास्त असते.

या पद्धतीतली खरी कल्पना वजाबाकीची आहे. माणूस काय अपेक्षा धरून आला आणि त्याला काय मिळालं, यातला फरक म्हणजे त्याच्या मनातला दर्जा. म्हणून एकाच वॉर्डात शेजारच्या दोन खाटांवरचे रुग्ण वेगवेगळं बोलतात. मुरैनाकडच्या खेड्यातून आलेला माणूस ‘डॉक्टर भेटले’ यावरच खूश असतो. छावनीतल्या निवृत्त मास्तरांना मात्र डॉक्टरांनी रिपोर्ट न वाचताच गोळ्या लिहिल्या याचा राग येतो. सेवा दोघांना एकच मिळाली.

वाट पाहणं आणि दोन मिनिटांची भेट

रुग्णांच्या नाराजीत वाट पाहणं हे कारण वारंवार येतं. डेव्हिड मायस्टर यांनी १९८५मध्ये रांगेच्या मानसशास्त्रावर लिहिलं, त्यातले मुद्दे आपल्या ओपीडीला जसेच्या तसे लागू पडतात. किती वेळ लागेल हे माहीत नसलं की वाट लांब वाटते. उशीर का होतोय हे कुणी सांगत नसेल तर आणखी लांब वाटते. आणि मागून आलेला पुढे गेला, तर दहा मिनिटंसुद्धा तासासारखी वाटतात. म्हणजे रांग कमी करता येत नसेल, तरी ‘आता ४० नंबर चालू आहे, डॉक्टर इमर्जन्सीत आहेत, अर्धा तास लागेल’ एवढं सांगितलं तरी फरक पडतो. टोकन आणि फलक यांचं काम हेच.

इतकं थांबून डॉक्टरांसमोर वेळ किती मिळतो? ६७ देशांतल्या प्राथमिक सेवेचा आढावा २०१७मध्ये ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात आला. डॉक्टर-रुग्ण भेटीचा सरासरी वेळ बांगलादेशात ४८ सेकंद, तर स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं होता. भारताचा आकडा दोन मिनिटांच्या आसपास होता. दोन मिनिटांत नाव, तक्रार, तपासणी आणि औषध असं सगळं उरकायचं म्हटल्यावर ऐकून घेणं हीच गोष्ट आधी गळते. यात डॉक्टरचा दोष काढून भागत नाही, कारण बाहेर दीडशे जण उभे असतात.

पण वेळ असला तरी ऐकलं जातंच असं नाही. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४मध्ये अमेरिकेतल्या ७४ भेटी तपासल्या. रुग्ण बोलू लागल्यावर सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर मध्ये बोलत होते आणि जेमतेम २३ टक्के रुग्णांनाच सुरुवातीचं म्हणणं पुरं करता आलं. माणूस खरं दुखणं बहुतेक वेळा शेवटी सांगतो, हे आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या फॅमिली डॉक्टरला विचारा.

भाषेचा प्रश्न : ‘कणकण’ हिंदीत कशी सांगायची?

ग्वाल्हेरचा मराठी माणूस हिंदी उत्तम बोलतो. पण दुखण्याची भाषा आईकडून आलेली असते. ‘अंगात कणकण आहे’ हे हिंदीत तसंच म्हटलं तर समोरच्याला काही बोध होत नाही. ‘हरारत’ म्हणावं लागतं. हातापायाला ‘मुंग्या येतात’ याला तिकडे ‘झुनझुनी’, ‘धाप लागते’ याला ‘साँस फूलती है’, ‘मळमळतं’ याला ‘जी मिचलाता है’. बाईमाणसानं संकोचानं ‘अंगावरून जातं’ म्हटलं, तर त्याचा अर्थच न लागण्याची शक्यता जास्त. छावनीतल्या आजींबरोबर नातू गेला तर तो हे शब्द बदलून सांगतो, पण नातवासमोर आजी सगळं सांगतीलच असं नाही.

दवाखान्यातले शब्दही राज्यागणिक बदलतात. महाराष्ट्रात ‘केसपेपर’ तो ग्वाल्हेरला ‘पर्चा’. आपली ‘तपासणी’ ती तिथली ‘जाँच’. ‘अ‍ॅडमिट’ म्हणजे ‘भर्ती’ आणि ‘डिस्चार्ज’ म्हणजे ‘छुट्टी’. ‘उपाशी पोटी’ घ्यायची गोळी तिकडे ‘खाली पेट’. रुग्णासोबतच्या माणसाला तिथे ‘अटेंडर’ म्हणतात. बेळगावात हाच प्रश्न कन्नड फलक आणि कन्नड संमतीपत्र यांच्या रूपानं येतो. इथे भाषेचा अभिमान बाजूला ठेवू. साधी गोष्ट आहे : जी सूचना कळली नाही ती पाळली जात नाही, आणि जे संमतीपत्र वाचता आलं नाही त्यावरची सही नावापुरती असते. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देणं हा सेवेच्या दर्जाचाच भाग आहे.

समाधान म्हणजे चांगले उपचार, असं समजू नका

इथे एक सावधगिरी हवी. २०१२मध्ये अमेरिकेत जोशुआ फेंटन आणि सहकाऱ्यांनी ५० हजारांहून जास्त प्रौढांच्या नोंदी तपासल्या. सर्वांत समाधानी गटाचा औषधांवरचा आणि एकूण खर्च जास्त होता, ते रुग्णालयात भरतीही जास्त झाले होते, आणि त्यांच्यातला मृत्यूचा धोका सर्वांत कमी समाधानी गटापेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. समाधानामुळे माणसं दगावली असा याचा अर्थ नाही. पण रुग्णाला खूश ठेवण्यासाठी गरज नसलेल्या तपासण्या आणि औषधं लिहिली जाऊ शकतात, ही शंका मात्र पक्की झाली. आपल्याकडेही ‘सलाइन लावली की बरं वाटतं’ म्हणणारे रुग्ण आणि ती लावून देणारे दवाखाने काही कमी नाहीत.

दुसरी बाजूही आहे. २०१३मध्ये ५५ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात रुग्णाचा अनुभव चांगला असेल तिथे उपचारांची सुरक्षितता आणि परिणामही चांगले असण्याकडे कल दिसला. कारण उघड आहे. ज्याचं ऐकून घेतलं तो माणूस औषध पुरं घेतो, पुढच्या तारखेला येतो, त्रास लपवत नाही. ज्याच्यावर खेकसलं गेलं तो टीबीची औषधं मध्येच सोडतो, किंवा पुढच्या वेळी झोलाछापकडे जातो. वाईट सेवेची किंमत अशी शेवटी शरीरानंच मोजावी लागते.

दोन्हींचा मेळ असा घालता येईल. ‘तुम्ही खूश आहात का?’ हा प्रश्न कच्चा आहे. ‘औषध कसं घ्यायचं हे सांगितलं का? बोलावल्यावर सिस्टर किती वेळात आली? संडास स्वच्छ होता का?’ हे प्रश्न पक्के. पहिला मनाचा कौल विचारतो, दुसरे घडलेली गोष्ट विचारतात. शिवाय खाटेवर पडलेल्या रुग्णाला रुग्णालयाच्याच माणसानं विचारलं तर उत्तर ‘सब ठीक है साहब’ असंच येणार. म्हणून हे प्रश्न घरी गेल्यावर, तिऱ्हाइतानं विचारावेत.

सरकार कसं मोजतं?

राष्ट्रीय गुणवत्ता आश्वासन मानकं, म्हणजे ‘एनक्यूएएस’, २०१३मध्ये आली. सेवांची उपलब्धता, रुग्णाचे हक्क, साधनसामग्री, सहायक सेवा, उपचार, जंतुसंसर्ग रोखणं, गुणवत्ता व्यवस्थापन आणि परिणाम अशा आठ बाबतींत सरकारी रुग्णालय तपासलं जातं. २०१५मध्ये स्वच्छतेसाठी ‘कायाकल्प’ पुरस्कार सुरू झाले. २०१७मध्ये प्रसूतिगृहांसाठी ‘लक्ष्य’ योजना आली. तिच्यात बाळंतिणीला मिळणारी सन्मानाची वागणूक हाही मुद्दा आहे.

रुग्णाचा आवाज थेट ऐकण्यासाठी केंद्रानं २०१६मध्ये ‘मेरा अस्पताल’ ही व्यवस्था सुरू केली. रुग्णालयात नोंदवलेल्या मोबाइल नंबरवर संदेश किंवा फोन येतो आणि अनुभव विचारला जातो. नोंदणी करताना खोटा किंवा दुसऱ्याचाच नंबर दिला, तर तुमचं मत कुठेच पोचत नाही. खासगी रुग्णालयांसाठी ‘एनएबीएच’चं मानांकन आहे, पण ते घेणं ऐच्छिक आहे.

हद्द ओलांडली की काय होतं?

सीमेवरच्या रुग्णाचं समाधान डॉक्टरपाशी पोचण्याआधी, खिडकीवरच ठरतं. गोवा सरकारनं जानेवारी २०१८पासून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्ग भागात मोठी नाराजी उसळली. महाराष्ट्रानं २०२३मध्ये महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ कर्नाटकातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषकांना द्यायचं ठरवलं आणि कर्नाटक सरकारनं त्याला हरकत घेतली. भांडण दोन सरकारांचं असतं, पण खिडकीवर ‘तुमचं कार्ड इथे चालत नाही’ हे ऐकायला रुग्णच उभा असतो.

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ला सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात, आणि योजनेत असलेल्या दुसऱ्या राज्यातल्या संलग्न रुग्णालयातही कार्ड चालतं. २०२४च्या ऑक्टोबरपासून ७० वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न काहीही असलं तरी, तिचा लाभ आहे. निघण्यापूर्वी रुग्णालय संलग्न आहे का आणि तो आजार तिथे योजनेत बसतो का, हे १४५५५ या नंबरवर विचारून घ्यावं.

तुमचे हक्क आणि दाद मागायची ठिकाणं

राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं २०१८मध्ये रुग्णहक्कांची १७ कलमी सनद तयार केली. केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं २०१९मध्ये ती राज्यांकडे पाठवली. आजाराची माहिती, दराची माहिती, संमती, खासगीपणा, दुसऱ्या डॉक्टरांचं मत हे हक्क तिच्यात येतात. बिलाच्या वादावरून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवू नये, हेही तिच्यात आहे. महाराष्ट्राच्या नर्सिंग होम नियमांत २०२१मध्ये रुग्णहक्कांची सनद आली. कर्नाटकाच्या कायद्यात ती २०१७च्या दुरुस्तीनं आली. मध्य प्रदेशात खासगी रुग्णालयांची नोंदणी १९७३च्या राज्य कायद्यानुसार होते.

कागदपत्रं : वैद्यकीय परिषदेच्या २००२च्या नियमांनुसार रुग्णानं मागितल्यापासून ७२ तासांत नोंदींच्या प्रती द्यायच्या असतात. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.

रुग्णालयातच : आधी वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर, मग अधीक्षक. तारीख, वेळ, वॉर्ड आणि काय घडलं एवढंच लिहा. रागाचे शब्द टाळा.

मध्य प्रदेशात : १८१ ही मुख्यमंत्री हेल्पलाइन. तक्रार क्रमांक जपून ठेवा. उत्तरानं समाधान झालं नाही तर तसं सांगा, तक्रार वरच्या अधिकाऱ्याकडे जाते.

ग्राहक आयोग : सर्वोच्च न्यायालयानं १९९५मध्ये व्ही. पी. शांता खटल्यात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली. जिथे सगळ्यांनाच सेवा मोफत आहे ती रुग्णालयं मात्र यातून वगळली. तक्रारीची मुदत दोन वर्षांची. सीमाभागासाठी महत्त्वाचं म्हणजे २०१९च्या कायद्यानुसार तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. उपचार मिरजेत झाले आणि घर बेळगावात असलं तरी बेळगावच्या आयोगाकडे जाता येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

जाण्यापूर्वी एवढं करा

- त्रास कधीपासून, कुठे आणि कशानं वाढतो, हे चार ओळींत लिहून न्या. परराज्यात जात असाल तर तिथल्या भाषेतले शब्द आधी विचारून घ्या.
- सर्वांत मोठी तक्रार पहिल्या वाक्यात सांगा. वेळ दोन मिनिटांचाच आहे असं धरून चला.
- चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाका.
- निघताना तीन प्रश्न विचारा : मला काय झालंय? औषध कसं आणि किती दिवस? काय झालं तर लगेच परत यायचं?
- ऐकलेलं डॉक्टरांना किंवा सिस्टरला एकदा म्हणून दाखवा. चूक असेल तर तिथेच कळते.
- मोबाइल नंबर खरा द्या. नंतर मत विचारणारा फोन आला तर ‘ठीक है’वर सोडून देऊ नका. काय चांगलं झालं आणि काय नाही, दोन्ही सांगा.

रुग्णालयांनीही यातून एवढं घ्यावं की समाधानासाठी दर वेळी नवी इमारत लागत नाही. हजार खाटा वाढल्या तरी रांगेत उभ्या माणसाला ‘का थांबलो आहोत’ हे कुणी सांगितलं नाही, तर त्याचा अनुभव तसाच राहतो. मदत-खिडकीवर दोन भाषा बोलणारा एक माणूस, वाचता येणारा फलक आणि घरी जाताना पाच मिनिटं नीट समजावणं, एवढ्यानं पुष्कळ फरक पडतो. त्यातून पुढच्या तारखेला रुग्ण परत येईल की नाही हे ठरतं, आणि तो परत आला तरच उपचार पुरे होतात.